मनात मोजलेले फेरे

दवनीवाड्यात कोणाची मोटर जळली की ती लीलाधरकडेच जायची. धानाला पाणी द्यायच्या दिवसांत त्याच्या टपरीसमोर जळक्या मोटरींची रांग लागायची आणि हा मिशीला पीळ देत बसायचा. कॉइल भरताना मात्र गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवायचा. तारेचे किती फेरे घातले हे कोणाला कळता कामा नये. आमगावच्या त्याच्या उस्तादानेही हेच केलं होतं. वर्षानुवर्षं चहा आणायला लावलं, शिव्या घातल्या, पण फेरे सांगितले नाहीत. लीलाधर ते चोरून बघून शिकला.

मग आमच्या गावच्या शाळेत अकरावीला इलेक्ट्रिकलचा कोर्स निघाला. लीलाधरची मुलगी गुंजन त्यात गेली. बाप खूश होता, पण थोडेच दिवस. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, आज सरांनी मोटर खोलून फेरे मोजाले लावले. फळ्यावर लिहून बी देल्ले."

त्याचा घास हातातच राहिला. "सगळ्याईले?"

"हो. काऊन?"

तेव्हापासून तो पोटच्या पोरीवर जळू लागला. मी शेजारी राहतो, मला दिसायचं. तिचा नवा टेस्टर बघूनही त्याचं तोंड वाकडं व्हायचं. शिव्या न खाता, पंख्याखाली बसून हिला सगळं मिळालं, हे त्याला सोसत नव्हतं. ती टपरीवर आली की तो तिच्याकडेही पाठ फिरवायचा. "मी भरू का?" म्हटलं की, "तू आपली फळ्यावर भर," म्हणायचा.

एका रविवारी कामठ्याचा दुर्गाप्रसाद मोटर घेऊन आला. "लीलाधर, गुंजन हाय का?"

"मी बसून राहिलो न इथं."

"तू हायेस रे. पण माह्या भावाची मोटर तिनंच शाळेत भरली. मस्त चालून राहिली."

"पोरगी शाळेत गेली."

"आज? रविवारी?" दुर्गाप्रसाद बाकावर बसला. "थांबतो मंग."

गुंजन टपरीमागच्या घरातून ऐकत होती. बाहेर आली, मोटर खोलली, जुन्या कॉइलचे फेरे मोजले आणि दुर्गाप्रसादच्या समोरच बसून लाकडी साच्यावर नवी तार गुंडाळू लागली. मोठ्याने मोजत. लीलाधर सवयीने दोघांच्या मध्ये जाऊन उभा राहिला. दुर्गाप्रसादने मान वाकडी करून बघितलं, तेव्हा चिडून भिंतीकडे तोंड करून बसला.

पण तोही मोजत होता, मनातल्या मनात. पोरगी कुठेतरी चुकेल, याची वाट बघत.

ज्या आकड्यावर तो थांबला, त्याच आकड्यावर तीही थांबली.