डावा कौल

खंडोबाने लागोपाठ तीन वेळा डावा कौल दिला, तेव्हा माझी त्याच्यावरची भक्ती, खोटं कशाला सांगू, खसखशीच्या दाण्याएवढी उरली. आमच्या गावची रीत अशी, की मोठं काम काढण्याआधी टेकावरच्या खंडोबाला विचारायचं. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मी विचारलं होतं एवढंच, की माझी शालन सांगलीची टेनिसची स्पर्धा जिंकेल का? पहिल्यांदा डावी पडली. वारा असेल म्हणून मी गाभाऱ्याचं दार लोटून घेतलं. पुन्हा डावी. तिसऱ्यांदा तर गुरवाचं बोट निघायच्या आत डावी पाकळी खाली! “आता चौथ्यांदा लावाय सांगितलंस तर द्येव उठून कानफटात हाणंल,” गुरवआबा म्हणाले, “आन् तीबी डाव्या हातानं.”

माझं तोंड उतरायला कारण होतं. मी पलटणीत हवालदार होतो आणि कितीतरी वर्षं साहेबलोकांच्या टेनिसच्या मैदानाची निगा माझ्याकडे होती. निवृत्त होताना एका कर्नलसाहेबांनी मला त्यांची जुनी रॅकेट दिली. बहात्तरच्या दुष्काळात खळ्यावर मळायला दाणाच नव्हता. रिकामं खळं बघून बायको रडायची आणि मला मात्र त्यात मैदान दिसायचं. पाणी मारून, बैल फिरवून, शेणाने सारवून मी ते असं घट्ट बसवलं, की वडूजकडे आपटलेला चेंडू विट्याला जाऊन पडावा. (विट्याचं निम्मं करून वाचा. पण कौलाचं आणि पुढे यायच्या हळदीच्या माणसाचं निम्मं करू नका, ते जेवढ्यास तेवढं आहे.) खायचा चुना रेघांना गेला, बाजेची सुंभं जाळीला गेली. बारा वर्षांच्या शालनने त्या खळ्यावर पहिला चेंडू मारला तो थेट सरपंचांच्या पागोट्यावर, आणि त्या क्षणी मला कळलं की हिच्यात काहीतरी आहे.

एकच खोट होती. पोरगी जन्माची डावरी. डाव्या हाताने देवाला फूल वाहायचं नाही, पाहुण्याला पाणी द्यायचं नाही, मग खेळ तरी कसा खेळायचा? आम्ही लहानपणीच तिच्या डाव्या मनगटाला चिंधी बांधून तिला उजव्यावर आणलं, आणि रॅकेटही मी उजव्याच हातात दिली. फक्त ज्वारी राखायला ती एकटी रानातल्या माळ्यावर चढायची तेव्हा गोफण डाव्या हाताने फिरवायची. तिकडे मी काणाडोळा केला. पाखरांना कुठलं आलंय शास्त्र?

चार वर्षांत तिने सातारा मारला, कराड मारलं. आता सांगली. तिथे जिंकणाऱ्या मुलीला मुंबईच्या शिबिरात घेणार होते, राहणं, खाणं, शिकवणं सगळं त्यांच्याकडे. पण बायकोने बजावलं होतं, “ह्या खेपंला जिंकली तर तुमची. हरली तर ती रॅकेट खुटीला, आन् पोरगी चुलीम्होरं. लोकांची तोंडं मी किती धरू?” आणि अशा वेळी देव म्हणतो, नाही. कौलाचं मी कुणालाच सांगितलं नाही. शालनला तर मुळीच नाही.

कसाबसा अंतिम सामना गाठला. समोर पुण्याच्या क्लबातली मुलगी, पांढऱ्या झग्यात, बगळ्यासारखी. आमची शालन माझ्या पलटणीच्या कापडातून शिवलेल्या सदऱ्यात आणि विजारीत. पहिला सेट एक–सहाने गेला. दुसऱ्यात शून्य–तीन. खुर्चीवरचे पंच शून्याला ‘लव्ह, लव्ह’ म्हणत होते आणि तरण्या पोरीच्या बापाने ते चारचौघांत ऐकून घेत बसायचं. शालनची उजवी सर्व्हिस जाळीत जात होती. ती एकदाच माझ्याकडे बघून हसली. खळ्यावर पडून गुडघा फुटला की हसायची तसं. ते मला बघवेना. मी मान खाली घातली आणि मनात म्हणालो, देवा, नाही म्हणायचं होतं तर एवढ्या लांब आणलंस कशाला?

तेवढ्यात शेजारी एक म्हातारा येऊन टेकला. हळदीच्या पेठेतला हमाल असावा. डोक्यापासून टाचेपर्यंत पिवळा, भुवयासुद्धा पिवळ्या.

“पोरगी तुमची?” त्याने विचारलं.

“माझीच. पण द्येव तिचा न्हाई,” मी म्हणालो, आणि का कुणास ठाऊक, घरच्यांनाही न सांगितलेली कौलाची गोष्ट त्या परक्या माणसापुढे ओकून टाकली.

तो दात नसलेल्या तोंडाने खो-खो हसला. “आवं हवालदार, तीनतीनदा डावा दिला, आन् तुमाला वाटलं न्हाई म्हनला? त्यानं हात दावला की वो!” असं म्हणून माझ्या खांद्यावर सणकन थाप मारली.

अंगातून वीज गेल्यासारखा मी ताडकन उभा राहिलो. पण सांगायचं कसं? चालू सामन्यात बाहेरून शिकवायला बंदी. मग मी दोन्ही हात तोंडाशी नेले आणि आमच्या रानातली हाळी दिली, “हाऽऽ होऽऽ! शालेऽऽ, पाखरं बसली गंऽऽ!”

मैदान हादरलं. (हे निम्मं करा.) पंच ओरडले, “ओ मिशीवाले! काय चाललंय?”

“कावळं हाकलतुया, सायेब!”

ही लबाडी मी केली, आणि इतकी वर्षं पोटात ठेवली. पंचांनी आज मला माफ करावं. पण शालनने माझ्याकडे पाहिलं. अशी हाळी ऐकली की ती माळ्यावर काय करायची हे तिला आणि मला, दोघांनाच ठाऊक होतं. तिने रॅकेट या हातातून त्या हातात घेतली. चेंडू वर उडवला, कमरेतून गोफणीसारखा झोक घेतला, आणि डाव्या हाताची ती सर्व्हिस अशी सुटली, की पुण्याची मुलगी चेंडू गेल्यावर कुठे गेला म्हणून मागे बघायला लागली. पुढचा तसाच. त्याच्या पुढचा तसाच. धोंडे सुटत होते, धोंडे! मी ओरडत होतो, रडत होतो, शेजारच्या अनोळखी वकिलाच्या पाठीत गुद्दे घालत होतो. दुसरा सेट सात–पाच, तिसरा सहा–दोन.

मैदानाबाहेर तिला पोटाशी धरलं तर ती हळूच म्हणाली, “दादा, रागवू नका. तुमी तालुक्याला गेला की मी डाव्यानंच खेळायची. रोज. तुमाला वाईट वाटंल म्हून बोलले न्हाई.” चार वर्षं माझी लेक माझ्यापासून स्वतःचा हात लपवत होती, आणि मी गावभर तिचा गुरू म्हणून मिरवत होतो.

म्हाताऱ्याला पेढा द्यायला वळलो तर जागा रिकामी. दुसऱ्या दिवशी हळदीची अख्खी पेठ पालथी घातली. “हितं समदंच पिवळं हाईत, तुमचा कंचा?” असं हमाल हसून विचारायचे. तो काही सापडला नाही. तो कोण होता यावर मी वाद घालत नाही. घरी आल्यावर बायकोने माझा पांढरा सदरा उलगडला तर खांद्यावर पिवळा पंजा, अंगठा कुठल्या बाजूला ते बघितलं, तर पंजा डाव्या हाताचा. तिने साबण लावला आणि हळद ती, साबणाने लालभडक झाली. बायकोने हात आवरला. “कुकू झालं वो ह्याचं,” एवढंच म्हणाली, आणि सदरा तसाच वाळत घातला. शालन मुंबईला निघाली तेव्हा बायकोने स्वतः रॅकेटला ओवाळलं.

पुढे शालन शिबिरातून देशात आणि देशातून परदेशात गेली. बिदागी घेऊन खेळायला लागली तेव्हा पेपरात ‘धंदेवाईक खेळाडू’ असं छापून आलं आणि गावातल्या म्हाताऱ्यांनी तोंडाला पदर लावले. बायकोनेच त्यांना गप्प केलं. आता परदेशाहून आली की ती आधी टेकावर जाते आणि डाव्या हाताने देवाला फूल वाहते. गुरवआबा बघतात आणि तिच्यापुढे भंडाऱ्याची वाटी धरतात.

मीही तिच्या मागे उभा असतो. पण आता कौल लावत नाही. देवापुढे जाताना मी हो किंवा नाही, एवढी दोनच उत्तरं स्वतःच ठरवून न्यायचो, आणि त्याला बिचाऱ्याला तिसरंच काही सांगायचं असायचं. आता नुसते हात जोडतो. दोन्ही.