मोटारीतून येणारी आक्का

ये गं सुमे, अशी जवळ ये. कागदावरून बोलत असले तरी लांबून ऐकू नकोस. मागल्या खेपेला तू तुमच्या शेजारणीला 'भारी संशयी बाई' म्हणालीस, आणि नाक असं मुरडलंस की मला ते बरं वाटलं नाही. संशय वाईट असतो हे तुला कुणी सांगितलं? माझ्या आत्यानं संशय घेतला नसता तर एक माणूस आमच्या हातचं गेलं असतं. बस, सांगते.

आत्याला सगळी गल्ली फौजदारआक्का म्हणायची, म्हणून मीही आक्काच म्हणायची. विधवा होऊन ती आमच्याकडे आली ती कायमची. तिचा कशावर म्हणून विश्वास नव्हता. दूध आलं की आधी वास, मग बोटाच्या नखावर थेंब, मग गवळ्याच्या तोंडाकडे बघणं. गवळी म्हणायचा, "आक्का, म्हस माझी हाय, पाणी तुमच्या शेजारच्या आडाचं न्हाई." आक्का म्हणायची, "मी पाण्याचं नावबी काढलं नव्हतं. तुला कसं सुचलं?" देवळात पुजाऱ्यानं तीर्थ दिलं तरी तळहातावर घेऊन क्षणभर बघायची. कुणी फार गोड बोललं की ती हळूच आपला पदर सावरायची, जणू बोलणाऱ्याचा हात पदराच्या गाठीकडेच चाललाय.

"एकाला विचारलं ते ऐकलं, दोघांना विचारलं ते कळलं," असं ती म्हणायची.

तिला एकच लेक, हौसाताई. तिला मुरगूडला दिलेली. आता तू म्हणशील मुरगूड म्हणजे काय लांब. तेव्हा ते लांबच होतं. महाराजांचं राज्य, शहर चहूकडून वाढत चाललेलं, ठेसनाकडं नव्या पेठा, टांगे आणि खडखड्याच्या घोडागाड्या रस्त्यात मावत नव्हत्या. पण वेशीबाहेर पडलं की पुढं बैलगाडीच. मुरगूडला जायचं तर आधी निरोप धाडायचा, बैल मागायचे, आणि जाऊन मुक्काम करायचा. आणि मुक्काम तर आक्काला करता येत नव्हता. लेकीला मूल झाल्याशिवाय आईनं तिच्या सासरी पाणीदेखील प्यायचं नाही, हे तुला माहीत आहे. पाणी नाही, भाकरी नाही, तर रात्र कशी काढायची? म्हणून आक्का जायची ती शेजारच्या गावात ओळखीच्यांकडे उतरून, घटकाभर लेकीला बघून यायची.

आणि दर वेळी काय दिसायचं? हौसाताई नवं लुगडं नेसून सोप्यात तांदूळ निवडत बसलेली. केसांना तेल. विहीणबाई म्हणणार, "आमची सून म्हंजे राणी हाय." एकदा परत येताना आक्का गाडीत म्हणाली, "तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या हाताला भेगा कशाच्या गं?" मी लहान, दहाएक वर्षांची. मला काय कळणार. आमचे वडील म्हणाले, "आक्का, तुला सगळीकडं चोरच दिसतो."

त्याच सुमाराला रविवार वेशीजवळून कागलावरून मुरगूडला जाणारी सर्व्हिस मोटार सुरू झाली. पावसाळ्यात बंद, एरवी रोज. पेठेतल्या एका जैन व्यापाऱ्यानं ती घेतलेली, त्याला सगळे आण्णा म्हणायचे. चालवायला बाबालाल. लोक काय काय म्हणत होते. मोटारीत बसलं की पित्त खवळतं, बायकांनी बसूच नये, असलं. आक्का मात्र रोज सकाळी उठून वेशीपाशी जाऊन उभी राहू लागली. बसायची नाही, नुसती बघायची. बाबालाल म्हणाला, "आक्का, जायाचं हाय का कुठं?"

"तुझी मोटार सुटती कवा?"

"भरली की सुटती."

"आन परत कवा?"

"मुक्काम करती तिथं. उद्या भरली की येती."

आक्काचं तोंड उतरलं. मोटारीनंही मुक्कामच. तिला पाहिजे होतं सकाळी जाऊन सांजच्याला परत येणं, आणि तेही न सांगता. गाडीची चाहूल आदल्या दिवशी लागते. मोटार दारात येऊन उभी राहीपर्यंत कुणाला कळणार नाही. हे तिच्या डोक्यात असं बसलं की ती रात्रंदिवस तेच घोकायची.

पण वेशीत उभी राहून तिनं दुसरंच काहीतरी पकडलं. मोटारीत दोन गडी रोज आधीच बसलेले असत, फेटे बांधून, मांडीवर गाठोडं घेऊन. त्यांना बघून लोक म्हणायचे, चला, भरत आली, आणि चढायचे. गाडी भरली की त्या दोघांना एकदम खाली उतरायचं काम निघायचं, आणि ते परत यायचेच नाहीत. आक्का थेट आण्णांच्या दुकानी गेली. मी तिचा पदर धरून मागं.

"आण्णा, तुमच्या मोटारीत दोन पावणं बसत्यात. त्यांचं गाव कुठलं?"

"असतील कुठलं तरी. मुरगूडचंच."

"मग मोटार सुटायच्या येळंलाच त्यास्नी रोज लघवीला कशी लागती?"

आण्णांनी तराजू खाली ठेवला. दुकानातली चार माणसं हसली. आण्णा हळू आवाजात म्हणाले, "आक्का, धंदा हाय. रिकाम्या मोटारीत पयलं कुणी बसत न्हाई."

"ते मला कळतंय. मी काय बोंब ठोकत न्हाई. खरी माणसं मिळवायची तर मी सांगते, सकाळी लवकर सोडा आन दुपारी तिथनं माघारी फिरा. बाजाराला, कचेरीला येणारा मानूस मुक्कामाच्या भ्यानं येत न्हाई. त्याच दिवशी परत जायला मिळालं तर तुमच्या त्या फेटेवाल्या पावण्यांस्नी घरी झोपू द्या."

"आन न्हाई सोडली तर?"

"तर मी वेशीत उभीच हाय की रोज."

आण्णांनी आठ दिवस तसं करून बघायचं कबूल केलं. ते आठ दिवस संपलेच नाहीत. मोटार खरोखरच भरू लागली, आणि आण्णा सगळीकडं सांगत सुटले की ही त्यांची अक्कल.

ज्या दिवशी ती गेली त्या दिवशी मला सोबत घेतलं. चढण्याआधी बाबालालला चाकावर हात ठेवून शपथ घ्यायला लावली, की माणसं पुरी भरली नाहीत तरी दुपारी परत निघशील. तो म्हणाला, "आक्का, चाकाची शपथ मी कवा घेतली न्हाई." "मग आज घे," आक्का म्हणाली.

मुरगुडात आम्ही उतरलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. विहीणबाईंच्या दारात कुणी नव्हतं. मागल्या परड्यात हौसाताई शेणाची पाटी उचलत होती. फाटकं जुनेर, डोळे लाल, ओठ सुकलेले. आम्हाला बघून तिनं पाटी ठेवली नाही, तशीच हातात धरून उभी राहिली. आक्कानं पुढं होऊन तिच्या मानेला हात लावला. हात पटकन मागं आला.

"बरी हाय की मी," हौसाताई म्हणाली.

तेवढ्यात विहीणबाई लगबगीनं आल्या. "अगं बाई, कळवायचं तरी. गाडी धाडली असती."

"म्हणूनच न्हाई कळवलं," आक्का म्हणाली. "पोरीला ताप हाय. मी घिऊन जाते."

"असं कसं? मालक आन पोरगा दोघंबी शेतावर हायत. बेंदराच्या सणाला धाडू की आम्हीच, वाजतगाजत." आणि मग त्या हसल्या. ते हसू मला अजून दिसतं. "तुमची मोटार चुकंल बघा. आन मोटार चुकली तर आमच्यात तुमी पाणीबी घेत न्हाई. रात कशी काढणार?"

आक्का पुढच्या सोप्यात गेली आणि भिंतीला टेकून बसली, अगदी नीट मांडी घालून.

"हौसे, पाणी आण."

हौसाताईच्या हातातून पाटी पडली. पण तिनं हात धुतले आणि तांब्या आणला. आक्कानं तो वरून न धरता तोंडाला लावला आणि रिकामा करून खाली ठेवला.

"आता भाकरी वाढा, विहीणबाई. ऱ्हाते मी. हिचा ताप उतरंपतूर ऱ्हाते. कोण काय खातंय, कोण काय उचलतंय, समदं बघते. मला घाई न्हाई. मोटार आता रोज येती."

विहीणबाई आत गेल्या, आणि बाहेर आल्या त्या हौसाताईचं गाठोडं बांधूनच.

आम्ही मोटारीपाशी पोचलो तर उतारू ओरडत होते. बाबालाल घाम पुसत हँडल फिरवत होता. म्हणे इंजिन धरतच नाही. आम्ही चढलो आणि ते पहिल्या झटक्याला धरलं. वाटेत आक्का म्हणाली, "बाबालाल, मोटार बंद पडली नव्हती न्हवं?" तो पुढं बघत म्हणाला, "पडली हुती की, आक्का. मोटार कवाबी पडती." आयुष्यात आक्कानं पुढची चौकशी केली नाही अशी ती एकच गोष्ट मला आठवते.

वैद्य म्हणाला, आणखी थोडे दिवस तशीच राहिली असती तर हाती लागली नसती. गल्लीत मात्र वेगळीच कुजबुज. नातू नाही तोच लेकीच्या घरचं पाणी प्याली. आक्का म्हणाली, "जिनं ही रीत काढली ती कुणाची तरी सासूच असणार. जो पावणा पाणी पीत न्हाई तो ऱ्हात न्हाई, आन जो ऱ्हात न्हाई त्याला काय दिसत न्हाई."

पावसाळा संपल्यावर हौसाताई सासरी गेली. आक्का महिन्यात कधी दोनदा जायची, कधी तीन महिने जायची नाही. वार ठरलेला नाही. हौसाताई मला सांगायची, दुपारी मोटारीचा भोंगा वाजला की सासूबाई तिच्या हातातली पाटी काढून घेत आणि म्हणत, "बस जरा, तोंड धू." मोटारीतून आक्का उतरली नाही तरी एकदा बसवलेल्या सुनेला लगेच उठवणं त्यांना बरं दिसत नसे. पुढं तीन मुलं झाली, सासूही मवाळ झाली. सवय लागली म्हण, किंवा भीती मुरली म्हण.

महाराज गेले त्यानंतर काही वर्षांनी आक्का गेली. मुरगूडला निरोप मोटारीनंच पोचला, आणि विहीणबाई मोटारीनंच आल्या. उंबऱ्याशी बसून म्हणाल्या, "आता भोंगा वाजला तर वाटंकडं बघायचं कुणासाठी?" हे त्या दुःखानं म्हणाल्या की सुटल्यासारखं, ते मला इतक्या वर्षांत ठरवता आलेलं नाही.

तर सुमे, तुझं पत्र काल मिळालं. अक्षर छान आहे, सगळं बरं आहे असं लिहिलंयस, नवऱ्याचंही कौतुक केलंयस. पत्र मी दोनदा वाचलं आणि उशाशी ठेवलं. पण मला तुझे हात बघायचेत, दारातल्या उजेडात. आता तर तासातासाला बस आहे. येत्या आठवड्यात ये, पोरी, आणि एकटी ये.