बाजूच्या दाराची किल्ली

व्हर्ना मॅकलिन एकतीस वर्षं शाळेची बस चालवत होती. लग्न केलं नाही. साठाव्या वर्षी साठवलेले सगळे पैसे घालून तिनं टोरोंटोच्या कडेला, आमच्या मेपलांच्या गल्लीत, माझ्या शेजारचं घर घेतलं. दुपारी इथं पानं पडल्याचासुद्धा आवाज येतो.

ऑक्टोबरात ती एकदा कुंपणाशी येऊन म्हणाली, "हेलन, माझ्या घरात कोणी येतं का गं?"

"का? काही गेलं?"

"जात काहीच नाही. कप डावीकडच्या कपाटात ठेवते, संध्याकाळी ते उजवीकडे असतात. काल मागच्या खोलीतल्या पलंगावर चादर घातलेली होती. मी ती खोली वापरतही नाही."

"वय झालं तुझं, बाई," मी हसले. तीही हसली, पण कसनुसं.

पुढच्या आठवड्यात तिच्या घरात कांदा परतल्याचा वास आला. व्हर्ना विकतचं डबाबंद सूप गरम करून पिणारी बाई. मग मात्र तिनं एक दिवस रजा टाकली, बस नेलीच नाही, आणि दुपारी जिन्याखालच्या अडगळीत दार किलकिलं करून बसली.

तीन वाजता बाजूच्या दारात किल्ली फिरली. कोणीतरी बूट काढले, पायपुसण्यावर नीट जोडून ठेवले. पाणी सोडल्याचा आवाज आला. मग टेबलावर ताटल्या. एक, दोन, तीन.

"युदित! चल, गार होतंय!"

व्हर्ना बाहेर आली. पांढऱ्या केसांची एक ठेंगणी म्हातारी, ओव्हरकोटावरच एप्रन बांधून उभी. ती दचकली नाही. तिनं व्हर्नाला आपादमस्तक न्याहाळलं.

"किती उशीर! हात धुतलेस?"

"मला तेव्हा ओरडताच आलं नाही," व्हर्ना मला नंतर म्हणाली. "मी गेले आणि हात धुतले."

त्या होत्या मिसेस साबो, या घराच्या आधीच्या मालकीण. त्यांना काही आठवेनासं झालं म्हणून मुलानं घर विकून त्यांना दोन गल्ल्या पलीकडे आपल्याकडे नेलं होतं. युदित ही त्यांची मुलगी, नऊ वर्षांची असताना ओढ्यात बुडालेली. आईला न्यायला आलेला मुलगा, गाबोर, शरमेनं लाल झाला. "कुलूप बदला, प्लीज. पैसे मी देतो."

व्हर्नानं कुलूप बदललं. दुसऱ्या दिवशी पाव तास जुनी किल्ली त्या दारात खरवडत राहिली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी, शनिवारी घरी असताना, व्हर्नानं दार उघडलं.

मग गाबोरशी बोलून दर मंगळवारची संध्याकाळ ठरली. म्हातारी लाल तिखटाचं सूप करायची, व्हर्नाच्या केसांची वेणी घालायची. साठ वर्षांची बाई मान खाली घालून बसलेली मी खिडकीतून पाहिलीय. फेब्रुवारीत म्हातारी झोपेतच गेली.

एप्रिलमध्ये व्हर्नाच्या अंगणात विक्रीची पाटी लागली.

"अगं, आता तर शांत झालं ना सगळं?" मी विचारलं.

"शांतच आहे." ती हातमोजे काढत राहिली. "परवा मी वर कपड्यांच्या घड्या करत होते. खालून हाक आली. मी 'आले गं आई' म्हणून जिना उतरले. हेलन, मी घाबरले नव्हते. खाली कोणी नाही म्हटल्यावर मला रडू आलं. तेव्हा ठरवलं."

आता ती बहिणीजवळ, तळ्याकाठच्या इमारतीत अकराव्या मजल्यावर राहते. फोनवर म्हणते, खाली दिवसरात्र गाड्यांचा गोंगाट असतो, झोप छान लागते.