दोन पहिले नंबर

एसटी स्टँडसमोर दोन कॉलेजांचे फलक शेजारीशेजारी लागलेत. दोन्हींवर एकच लिहिलंय, जिल्ह्यात पहिला नंबर. माझी लेक बारावी झाली. तिला यातलं एक निवडायचंय.

“आई, दोन्ही पहिली कशी गं?”

“नंबर देणारे वेगळे असतील.”

“मग खरं कोण?”

वांगं मी दाबून बघते, तांदूळ दाताखाली धरून बघते. कॉलेज कसं बघायचं? आत काय शिकवतात ते आत गेल्यावरच कळणार, आणि तोवर पोरीची वर्षं तिथं गेलेली असतील. चौथी शिकलेल्या आईला ती विचारते, कारण विचारायला दुसरं कोणी नाही.

शेवटी तीच म्हणाली, “डावीकडच्या फलकावरचं बरं. आपली बस त्याच्या दारात थांबते.”

मी मान हलवली. तिला वाटलं, मी विचार करून हो म्हणाले.