मुडद्या म्हणजे वोरियँ

आमच्या आईने दादाला जन्मभर मुडद्या म्हटलं.

मागच्या वर्षी आजच्याच दिवशी तो खरंच गेला. हार्ट अटॅक.

त्याच्या आधीचं मूल दगावलं होतं. आजी म्हणाली, याला मुडदाच म्हण, म्हणजे यम वळून बघणार नाही. आईने ते इमानदारीने पाळलं. "मुडद्या, आंघोळीले जाय." "मुडद्या, पेपर कसा गेला?" दादा अमरावतीला फ्रेंचचा प्रोफेसर झाला, तरी स्टुडंट्ससमोरही तेच.

शेवटी शेवटी तो एका फ्रेंच व्यापाऱ्याचं पुस्तक इंग्रजीत आणत होता. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे आपल्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला होता ना, तेव्हा अमरावतीत राहून कापूस घेणारा हा माणूस.

दादाचं घोडं एका शब्दाशी अडलं. वोरियँ. म्हणजे ज्याची किंमत शून्य.

पुस्तकात या व्यापारी साहेबाचा गाडीवान अकोल्याहून कापूस भरून निघाला आणि मूर्तिजापूरच्या पुढे त्याचा पत्ताच लागेना. साहेबाला घास जाईना. अखेर गाडी दारात आली तेव्हा तो "वोरियँ!" म्हणून त्याच्या अंगावर ओरडला आणि स्वतःचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

डिक्शनरी म्हणते, वर्थलेस. दादाने लिहिलं, खोडलं. गुड-फॉर-नथिंग लिहिलं, तेही खोडलं.

मला म्हणाला, "तूच सांग छोटे, ज्याच्यासाठी हा उपाशी रायला, त्याले वर्थलेस म्हणीन काय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई, "मुडद्या, जेवाले ये ना. भाकर थंडी होऊन रायली."

दादा हसतच सुटला. "सापडला शब्द. आता याले इंग्रजीत कसा नेऊ?"

मग त्याने लिहिलं, "यू रास्कल, कम अँड ईट."

'कम अँड ईट' मूळ पुस्तकात नाहीच. मी म्हटलं, कोणी हरकत घेतली तर? म्हणाला, "घेऊ दे."

तो गेल्यापासून आईने तो शब्द तोंडातून काढला नाही. एकदाच म्हणाली, "माह्याच जिभेनं खाल्लं त्याले." डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी तिला समजावलं. तिला पटलं नाही.

आज मी तिला ही गोष्ट सांगितली. गाडीवान, साहेबाचं ताट, तिची हाक, दादाचं हसणं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हंजे त्याले समजत होतं?"

"समजत होतं, आई."

"राग नोयता येत?"

"नाई."

ती दादाच्या फोटोकडे वळली.

"मुडद्या," ती म्हणाली, "माह्या आंधी काहून गेला रे?"

आणि वर्षभरात पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली.

दादा, आईची हाक पोचली असेल. आता सुखाने जा.