चंपाबाईंचा अर्ज

नोकरीतले कितीतरी गुन्हे आता कलमांसकट विसरलो, पण एका मांजरीच्या नावाने अर्ज भरून केलेला तपास अजून जसाच्या तसा आठवतो. तो सांगण्याआधी घरचं थोडं सांगतो. माझे वडील मिठागरावर मजूर होते. घरात वाचता येणारं कुणी नव्हतं. मुंबईहून मामाचं पत्र आलं की वडील ते दुकानदाराकडे नेत आणि तो गूळ तोलता तोलता मोठ्याने वाची. मामाची सुटलेली नोकरी, बहिणीच्या स्थळाचा नकार, सगळं आमच्याबरोबर गिऱ्हाइकांनाही कळे. पुढे मी बी.ए. झालो, घराण्यातला पहिला पदवीधर. मग फौजदार झालो. हे मी अभिमानाने सांगतो. घरची गोष्ट चव्हाट्यावर गेली की माणसाला काय वाटतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही.

निवृत्तीच्या आदल्या वर्षी मी आगरदांड्याजवळच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका सकाळी हजेरी चालू असताना पंधरा-वीस माणसं आवारात शिरली. पुढे एक म्हातारबाबा, हातात चावी.

"साहेब, ही घ्या. सेवा केंद्राला आम्ही कुलूप घातलंय. ती बाई आमची माहिती विकते."

केंद्र म्हणजे गावातली एक खोली, एक संगणक, एक प्रिंटर. रेशनकार्ड, दाखले, पेन्शन, सगळे ऑनलाइन अर्ज तिथेच भरले जात. चालवणारी बाई चाळिशीची, गावचीच सून. तिच्याकडे अर्ज भरला की दोन-तीन दिवसांत अनोळखी माणसाचा फोन येई: तुमचं काम लवकर करून देतो. फोनवाल्याला नाव, पत्ता, अर्ज कशाचा, सगळं तोंडपाठ.

"बाबा, तुमचं काय गेलं?" मी विचारलं.

"अब्रू गेली! माझा पोर येगला होतोय, आन ते मला कुठल्या शहरातला बाप्या फोनवर सांगतो. म्हनतो, विभक्त रेशनकार्ड पायजे ना? मी म्हनलं, मेल्या, विभक्त कोन झालाय?"

मागे त्यांचा मुलगा मान खाली घालून उभा होता. अर्जात त्याने सवयीने वडिलांचाच नंबर दिला होता. हसू दाबायला मी स्टेशन डायरी उघडली.

पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आठ दिवसांनी ग्रामसभा होती आणि केंद्र तिच्याकडून काढून घ्यायचा ठराव तयार होता. बाईचं घर त्या एका खोलीवर चालत होतं. शिवाय चोर ठरलेल्या सुनेला त्याच गावात जन्म काढायचा होता.

तक्रार अर्ज नोंदवला, लोकांचे जबाब घेतले आणि महिला शिपायाला सोबत बसवून बाईला चौकशीला बोलावलं. ती कापडी पिशवी घेऊनच आली. पिशवीत एक वही.

"ताई, गावात कुणाशी वाकडं आहे का?"

"वाकडं असतं तर अर्धं गाव रेशनविना बसलं असतं, साहेब. अर्ज मीच भरते ना?"

"वहीत काय आहे?"

"सगळ्यांचे पासवर्ड." मी वही उघडली. पानोपानी एकच पासवर्ड. गावदेवीचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन.

"सगळ्यांचा एकच?"

"लोकांच्या लक्षात राहत न्हाय. देवीचं नाव कोण विसरतंय?"

आमची महिला शिपाई फायलीआड तोंड लपवून हसत होती. मी मात्र एक गोष्ट टिपली. अपराधी माणूस चौकशीला येताना उत्तरं आणतो. ही स्वतःची चूक पिशवीत घालून घेऊन आली होती. पण माझं मत म्हणजे पुरावा नव्हे.

दुवा मिळाला तो खाडीपलीकडच्या दिघीच्या एका गृहस्थाकडून. फेरीबोट चुकली म्हणून ते वेळ घालवायला त्या केंद्रात गेले होते आणि जातीच्या दाखल्याचा अर्ज भरायला बसले होते. निम्म्यात कळलं की फोटो आणलेला नाही. अर्ज अर्धवट सोडून, कागद घेऊन ते परत गेले. तरी त्यांनाही फोन आला.

म्हणजे अर्ज सरकारकडे पोहोचलाच नव्हता. कागदही बाईकडे राहिला नव्हता.

"सर, एकदा बघून दहा आकडी नंबर आणि अख्खा पत्ता पाठ होत असेल," महिला शिपाई म्हणाली, "तर ताईंना आपल्याकडेच घेऊ. गोपनीय शाखेत."

लाचेच्या सापळ्यात नोटांना खूण करतात. मी ठरवलं, इथे नावाला खूण करायची. केंद्राची चावी ठाण्यातच होती. बाईला कळू न देता, दोन पंचांसमक्ष आम्ही कुलूप उघडलं. महिला शिपाई संगणकावर बसली. तिने त्याच सकाळी नवं सिमकार्ड घेतलं होतं, तो नंबर कुणालाही दिलेला नव्हता.

"सर, नाव?"

ठाण्यात बोंबलाच्या वासावर येऊन ठाण मांडलेली एक मांजर होती. "चंपाबाई लिही."

"वय? ती चार वर्षांची आहे."

"अडुसष्ट कर. वृद्धापकाळ पेन्शन मागतेय."

पंचांपैकी एक मास्तर होते, त्यांना ठसका लागला. माहिती टाइप केली, अर्ज न पाठवता पान बंद केलं, पंचनामा लिहिला, पुन्हा कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो नवा नंबर वाजला.

"चंपाबाई आहेत का? पेन्शनच्या अर्जाचं बोलायचं होतं."

"आहेत, पण जेवतायत," महिला शिपाई शांतपणे म्हणाली.

"आजींचं होऊ द्या सावकाश. मी पुन्हा करतो."

ठाणे अंमलदाराने हसता हसता टेबलावर डोकं टेकलं. पण त्या फोनने बाई सुटली. जे नाव तिने पाहिलं नाही, ऐकलं नाही, ते फोनवाल्याला ठाऊक होतं. चोर संगणकातच बसला होता.

जिल्ह्याच्या सायबर शाखेच्या अधिकाऱ्याने तो अर्ध्या तासात दाखवला. फोटो लहान करून देणारं एक फुकट एक्स्टेंशन. एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला वरून जोडलेली सोय. हे फोटो लहान करी आणि उरलेला वेळ त्या ब्राउझरमध्ये टाइप होणारं प्रत्येक अक्षर बाहेर पाठवी.

बाईला समोर बसवलं. ती म्हणाली, "अर्जाला फोटो पन्नास केबीच्या आत लागतो, साहेब. मोबाइलवरचा बसतच न्हाय. हे झटक्यात करायचं. घालताना इंग्रजीत काहीतरी विचारलं होतं."

"काय विचारलं होतं?"

"सगळ्या वेबसाइटवरची माहिती वाचू का, असं. बारावी झालेय, वाचता येतं मला. पण थांबून वाचलं कुठं? अलाउ दाबलं."

मी तिला चांगलं फैलावर घेतलं. संध्याकाळी घरी जाऊन सहज स्वतःचा संगणक तपासला, तर त्यात असली तीन एक्स्टेंशनं निघाली. एक क्रिकेटच्या स्कोअरचं, एक सवलतीचे कूपन शोधणारं. तिसरं कशाचं ते कळेना. बायकोला विचारलं.

"तुम्हीच घातलंत. पंचांग बघायला," ती म्हणाली. "आणि भिंतीवर कॅलेंडर आहे."

ग्रामसभेत मी पंचनामा वाचून दाखवला. चंपाबाईचं वय आलं तेव्हा सभा आवरेना. म्हातारबाबा मात्र हसले नाहीत. पुढे येऊन त्यांनी माझ्याकडून चावी मागून घेतली आणि बाईला म्हणाले, "सूनबाई, चुकलं आमचं. चल, उघड. पोराच्या कार्डावर सई मी देतो. ज्याला येगला र्‍हायचंय त्याला र्‍हाऊ दे. पन मला पयला सांग म्हनावं."

इंटरनेटला शिव्या घालणारे माझ्या वयाचे लोक पुष्कळ भेटतात. मी त्यांच्यातला नाही. ज्या दाखल्यासाठी माझ्या वडिलांचा रोज बुडायचा तो आता गावात बसून मिळतो, याला मी वाईट कसं म्हणू? या तपासाने मला शिकवलं ते साधं आहे. परवानगी मागणारी ओळ कितीही कंटाळवाणी असली तरी ती थांबून वाचावी. न कळली तर नाही म्हणावं. लागत नाही ते काढून टाकावं. आणि माहिती फुटली की सर्वांत जवळच्या माणसाला धरू नये.

फोनवाल्या दलालाला आम्ही नोटीस देऊन बोलावलं. अशा नावांच्या याद्या आपण विकत घेत होतो, हे त्याने जबाबात कबूल केलं. एक्स्टेंशन बनवणारे कुठे बसले होते, ते मी निवृत्त होईपर्यंत कळलं नव्हतं. गुन्ह्याच्या कागदावर बाईचं नाव फिर्यादी म्हणून लागलं. केंद्र तिच्याकडेच राहिलं, संगणक स्वच्छ झाला, गावात प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा झाला, आणि त्यानंतर तसा फोन कुणालाही आला नाही.