वाद मिटवायला माझी हरकत आहे

"तुम्ही तेवीस जण नाहीच आहात म्हणे. तू एकटाच आहेस."

शेठ मोठ्यानं बोलले. दुकानात गिऱ्हाईक होतं. तलाठी कार्यालयातला एक माणूस आणि झेरॉक्सला आलेल्या कॉलेजच्या दोन मुली. मी कॉम्प्युटरसमोर बसलेलो. शेठ माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरचं वाचायला लागले.

"'वरील तेवीस खाती एकाच व्यक्तीने उघडलेली बनावट खाती असल्याचे आढळून आले आहे. ती कायमची बंद करण्यात येत आहेत. मूळ सदस्यास पंधरा दिवसांची बंदी.' अरे वा! तेवीस सोंगं? नमनाचा अख्खा खेळ उभा केलास की रे!"

मुली हसल्या. तलाठी कार्यालयातला हसला. मीही हसलो.

हे सांगायची लाज वाटते, पण सांगतो. मी हसलो. तोंडातून शब्द फुटत नसला की आमच्याकडची माणसं हसतात. पिढ्यानपिढ्यांची सवय आहे.

त्या तेवीस सोंगांतलं एक सोंग म्हणजे माझी आते. माझ्या बापाची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली. तिला घरी जाऊन काय सांगू, हे मला कळेना.

दोन हजार सहा-सात सालातली गोष्ट. रत्नागिरीत एसटी स्टँडच्या मागे एका दुकानात मी टायपिंग करायचो. लग्नपत्रिका, अर्ज, प्रतिज्ञापत्रं. मागच्या खोलीत दोन कॉम्प्युटरवर इंटरनेट होतं. लोडशेडिंग नसेल आणि गिऱ्हाईक नसेल तेव्हा शेठ मला बसू द्यायचे. तिथंच मला तो ज्ञानकोश सापडला. कुणीही लिहावं, कुणीही दुरुस्त करावं, असा. कुणीही! मला तर खुळ्यासारखा आनंद झाला. पहिल्याच दिवशी मी आमच्या गावाचं नाव टाकलं. पान होतं. चार ओळी होत्या. तिसरी ओळ अशी:

"गावातील खारबांध येथील खोत घराण्याने रयतेच्या कल्याणासाठी स्वखर्चाने बांधला."

आमचं गाव पूर्णगडच्या खाडीला लागून आहे. भरतीचं खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून खाडीच्या कडेनं माती आणि जांभ्या दगडाचा लांबच लांब बांध आहे. तो बांधला आमच्या बौद्धवाडीनं. वेठीला धरून बांधून घेतला. मजुरी नाही, भाकरी घरची. आतली जमीन गोडी झाली ती गेली खोताला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असं.

बांधाचे तेवीस तुकडे आहेत. ज्या घरानं जो तुकडा बांधला, त्यानंच तो दर वर्षी पावसाच्या आधी चिखल थापून नीट करायचा, असा तेव्हापासूनचा रिवाज. तुकड्याला बांधणाऱ्याचं नाव. धोंड्याचा तुकडा, रावज्याचा तुकडा, भागीचा तुकडा. मधोमध, जिथं खाडीची ओढ सगळ्यात जास्त, तिथं माझ्या आज्याचा. गणूची खांड. खांड, म्हणजे बांधातलं उघडं राहिलेलं तोंड, बुजवताना भरती आली. आजा छातीभर पाण्यात. खोताच्या माणसानं त्याला वर येऊ दिलं नाही. दगड पायावर बसला. त्यानंतर आजा जन्मभर पाय ओढत चालला. आते तेव्हा दहा वर्षांची असेल. डोक्यावर चिखलाची पाटी घेऊन ती बांधावर उभी होती, तिनं ते डोळ्यांनी बघितलं.

आतेचं आयुष्यभर एकच म्हणणं. "माज्या बापाशीचं नाव त्या बांधावर लागलेलं बगीन, मंगच जाईन."

मी तिला सांगितलं, आते, आता कॉम्प्युटरवर लावता येतं. सगळ्या जगाला दिसतं. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणाली, "लाव मेल्या. आन मना वाचून दाकव."

मी ओळ दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा जुनी ओळ. पुन्हा दुरुस्त केली. संध्याकाळपर्यंत पुन्हा जुनी. मग पानामागे चर्चेची जागा असते, तिथं मला निरोप आला. लिहिणारा खोतांचा नातू. पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत, शिमग्याला गावात येतो, गळ्यात कॅमेरा. मी त्याला आडनावावरून ओळखलं. त्यानं मला ओळखलं नाही, ओळखायचं कारणही नव्हतं.

"कृपया संदर्भ द्या."

एवढंच. नम्रपणे. 'आपण' म्हणून. त्याच्या आज्यानं माझ्या आज्याला 'आपण' म्हटलं असतं तर तो खाडीत उडी मारून पळाला असता. पण नम्रपणानंसुद्धा माणसाला चेचता येतं, हे मी तिथं शिकलो.

मी लिहिलं, तुमच्या ओळीला काय संदर्भ? तो म्हणाला, आमचा कुलवृत्तांत. छापील आहे, पान क्रमांक दिला आहे.

घ्या! त्यांच्या घराण्याचं कौतुक त्यांनीच लिहिलं, त्यांनीच छापलं, त्यांनीच एकमेकांना वाटलं. आणि तो संदर्भ! मी आतेला विचारून तेवीस तुकड्यांची तेवीस नावं लिहिली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आते डोळे मिटून सांगत होती, अडखळली नाही. उत्तर आलं, "मौखिक माहिती ग्राह्य नाही. शिवाय आपण त्याच वाडीतील असल्याने आपला यात हितसंबंध आहे."

"आणि तुमचा?" मी विचारलं.

"मी माझे मत देत नाही. मी छापील पुस्तकाचा हवाला देत आहे."

खाली आणखी दोघा-तिघांनी त्याला दुजोरा दिला. ते कधी आमच्या गावात आले नव्हते. एकानं लिहिलं, "केवळ एका सदस्याचे हे म्हणणे आहे. सहमती दिसत नाही."

केवळ एक. हे मी घरी जाऊन सांगितलं आणि तिथंच घोळ झाला. आते ताडकन उठून बसली. "येक कसा? वाडी हाय ना! वाडीला ने."

आमच्या गावकीत एकट्या माणसाच्या बोलण्याला किंमत नसते. वाद आला की प्रत्येक घराचा माणूस बैठकीत उभा राहतो आणि साक्ष देतो. आणि साक्षीचे शब्द ठरलेले. पहिल्यानं जे वाक्य म्हटलं तेच सगळ्यांनी म्हणायचं. शब्द बदलला तर माणूस फितला असं धरतात. आम्हाला तेवढंच माहीत. जगात दुसरी रीत असते हे कुणाच्या बापाला ठाऊक?

एका रविवारी दुपारी वाडी रत्नागिरीला आली. तेवीस घरांची तेवीस माणसं, एसटीनं, फडक्यात भाकऱ्या बांधून. रविवारी दुकान बंद असतं. शेठनी मेहेरबानी करून चावी दिली. मी एकेकाच्या नावानं खातं उघडलं. एकेकानं माझ्या शेजारी खुर्चीत बसून तेच वाक्य सांगितलं आणि मी टाइप केलं. "आमच्या घरानं बांधाचा अमुक तुकडा बांधला. माझी साक्ष आहे." फक्त नाव बदलायचं. शेवटचं बटण मात्र ज्याचं त्यानं दाबायचं, असा आतेचा हुकूम. निम्म्यांना अंगठ्याची सवय, त्यांनी अंगठ्यानंच दाबलं. आतेची पाळी आली तेव्हा तिनं आधी पदराला हात पुसला.

परत जाताना सगळे गाडीत गप्पा मारत होते. एक म्हातारा म्हणाला, "आता काय करतील? तेवीस हात लागले." मलाही वाटलं, आता काय करतील.

त्यांनी काय केलं ते सुरुवातीला सांगितलंच. कारणं दिली होती. एकच कॉम्प्युटर, एकच दुपार, एकच वाक्यरचना. त्यांच्या हिशेबात तेवीस माणसं एकसारखं बोलतात ती चोरी. आमच्या हिशेबात तेवीस माणसं एकसारखं बोलतात तेच खरं. आता हे कुणाला जाऊन सांगू? सांगायचं तर तिथंच लिहायला हवं, आणि तिथं माझे हात बांधलेले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

त्या दिवशी घरी गेलो. आते ओटीवर वाट बघत होती.

"काय म्हनले?"

"आते, ते म्हणतात, तू नाहीस."

"मी नाय?"

"तू नाहीस. रावज्याचा नातू नाही, भागीचा नातू नाही. कुणीच नाही. सगळं मीच आहे असं म्हणतात."

तिनं स्वतःच्या हाताकडे बघितलं. "मंग हितं कोण बसलीय?" असं म्हणाली. रागानं नाही. खरोखरच विचारल्यासारखं. मला रडू आलं. मी उठून परसात गेलो.

बंदीच्या त्याच दिवसांत ग्रामसेवक दुकानात आला. बांधाची डागडुजी झाली होती, उद्घाटनाला संगमरवरी पाटी लावायची होती. पाटीचा मजकूर टाइप करून हवा होता. त्यानं खिशातून कागद काढला. "इंटरनेटवर मिळाला," म्हणाला. "अगदी छान लिहिलंय."

गावातील खारबांध येथील खोत घराण्याने रयतेच्या कल्याणासाठी स्वखर्चाने.

मी म्हणालो, "भाऊसाहेब, हे खोटं आहे."

ग्रामसेवक शेठकडे बघायला लागला. शेठ माझ्याकडे बघायला लागले. "तू टाइप कर रे. खरं-खोटं बघायला आपण कोर्ट आहोत काय?"

मी टाइप केलं. नोकरी होती, घरात पाच तोंडं होती. नुसतं टाइप केलं नाही, शुद्धलेखन तपासलं, ओळी मध्यावर आणल्या, अक्षर कुठं ठळक हवं ते विचारलं. माझ्या आज्याच्या पायावरचा दगड मी पुन्हा नीट बसवून दिला. त्या रात्री मी जेवलो नाही. बायकोनं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही.

महिनाभरानं पान उघडलं. खोतांच्या ओळीपुढं आता दोन संदर्भ. एक कुलवृत्तांत. दुसरा: "गावातील संगमरवरी फलक." खाली फोटो. पाटीवरची अक्षरं माझी. पानावरून उचलून पाटीवर, पाटीवरून उचलून पानावर! मी चर्चेत लिहिलं, अहो, ती पाटी तुमच्याच पानावरून उतरवली आहे. माझ्याच हातानं टाइप झाली आहे.

उत्तर आलं, "याला काही संदर्भ आहे का?"

भिंतीवर डोकं आपटावं, तर इथं भिंतसुद्धा दिसत नव्हती.

मग एक मध्यस्थ आला. तिथं वाद मिटवायला नेमतात तसा. भला माणूस असावा. त्यानं दोन्ही बाजू वाचल्या आणि तडजोड सुचवली. जुनी ओळ राहील, तिच्यापुढं एक वाक्य जोडू: "या कामी स्थानिक मजुरांनीही मदत केली असे म्हटले जाते." खोतांच्या नातवानं लगेच लिहिलं, "माझी हरकत नाही." आता माझं उत्तर हवं होतं. मी हो म्हटलं की पानाच्या वरची पट्टी निघणार होती. पट्टी अशी: "या लेखातील मजकुराबद्दल वाद आहे." नियमही सांगितला होता. सात दिवसांत कुणी हरकत घेतली नाही, तर वाद मिटला असे समजण्यात येईल.

शेठ म्हणाले, "घे की. काहीतरी मिळतंय. हट्टानं काय होणार?"

मलाही वाटलं, घ्यावं. खरंच वाटलं. दमलो होतो. आतेला वाचून दाखवलं. ती तेव्हा अंथरुणाला खिळली होती.

"मदत?" आते म्हणाली. "आमी मदत केली? मंग काम कोणी केलान?"

मी वाक्याचा शेवट पुन्हा वाचून दाखवला.

"आन म्हटलं जातं म्हंजे काय? कोण म्हनतंय? मी म्हनतंय ना! मी बगितलंय."

ती एवढं बोलून थकली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी तिच्या पाठीकडे बघत बसलो होतो, आणि एकदम आतून काहीतरी कडक झालं. इतके दिवस मी मागत होतो. ओळ द्या, नाव द्या, आम्ही आहोत एवढं तरी म्हणा. ते देणारे आणि मी मागणारा. आजाही पाण्यातून वर बघत हेच करत होता, मला वर येऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी लिहिलं. "मान्य नाही. आम्ही मदत केली नाही. बांध आम्ही बांधला. वाद मिटवायला माझी हरकत आहे."

मध्यस्थानं समजावलं. मग वैतागला. शेवटी लिहिलं, "आपल्या हट्टामुळे हा वाद प्रलंबित राहील."

राहू दे.

तेव्हापासून दर शनिवारी मी एक ओळ लिहितो. हरकत कायम आहे. सातवा दिवस उलटू देत नाही. ते दुकान सुटलं, दुसरीकडे कामाला लागलो, तरी शनिवार चुकला नाही. आते गेली, नाव न बघताच गेली. तिच्या जलदान विधीच्या दुसऱ्या दिवशी शनिवार होता. मी डोळे पुसले आणि हरकत लिहिली.

आजही तिथं खोतांचीच ओळ आहे. माझ्या आज्याचं नाव कुठंच नाही, आणि लागेल अशी आशा मला उरलेली नाही. त्यांच्याकडे पुस्तक आहे, पाटी आहे, फोटो आहे. आम्ही हरलो, हे मला कळतं. पण 'मिटलं' असं मी लिहून देणार नाही. मी मेल्यावर माझी मुलगी लिहील. तिला मी वार सांगून ठेवला आहे.